ज्वारीवरच्या थव्यातली मातकट पाखरं कोणती?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जानेवारीत करमाळ्याकडच्या एका रब्बी ज्वारीच्या शेतावर मोठा थवा उतरला. त्यात मोजके पक्षी गुलाबी-काळे होते, बरेचसे मातकट तपकिरी. काहींच्या चोची पिवळट दिसल्या, एक-दोघांच्या डोक्यावर शेंडी होती आणि थवा उठला तेव्हा मधूनच कुणाच्या तरी पंखात पांढरं चमकलं. तुम्ही चार फोटो काढलेत आणि मोबाइलमधल्या ॲपने त्या एका थव्याला तीन वेगवेगळी नावं दिली. त्यामुळे तुम्ही विचारताय की अशा मिसळीच्या थव्यात मैनांच्या जाती वेगळ्या कशा काढायच्या.

उत्तर लांबणार आहे, कारण विषयच तसा आहे. पण आधी अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. थव्यात खूप जाती असतात म्हणून आपण गोंधळतो असं वाटतं. प्रत्यक्षात ज्वारीवरच्या अशा थव्यात बहुतेक सगळी पाखरं एकाच जातीची असतात, ती म्हणजे भोरडी. हिलाच कुणी पळस मैना म्हणतं, कुणी गुलाबी मैना. गोंधळ होतो तो ही एकच जात हिवाळ्यात चार-पाच वेगळ्या पोशाखांत आपल्यासमोर येते म्हणून. नवखा माणूस गुलाबी पाखराला भोरडी म्हणतो आणि उरलेल्या तपकिरी पाखरांना नावं शोधत बसतो. ती तपकिरी पाखरंही भोरड्याच असतात. त्यामुळे माझी पद्धत उलटी आहे: भोरडी तिच्या सगळ्या रूपांत पक्की करायची आणि मग थव्यात भोरडी नसलेलं काय आहे ते शोधायचं.

हे सगळं जागेवर आणि महिन्यावर अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. सोलापूर, नगर, बीड, धाराशिव, पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आपला ज्वारीचा पट्टा. इथे जानेवारीत शेतावर मोठा, दाटीने उडणारा थवा दिसला तर मी आधी भोरडीच धरतो. हाच फोटो सावंतवाडीहून आला असता तर मी जंगली मैनेपासून सुरुवात केली असती. एखाद्या शहरातल्या धान्यबाजाराच्या पत्र्यावरचा असता तर साळुंकीपासून. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या काटेसावरीवरचा असता तर काहीच आधी धरलं नसतं, कारण मध प्यायला सगळ्याच येतात. पक्षी कुठे, कधी आणि कशावर बसला होता ही माहिती पिसांच्या रंगाइतकीच कामाची असते.

आता भोरडी. ही वीण घालते मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात, कझाकस्तानकडे आणि तिथून पश्चिमेला आग्नेय युरोपपर्यंत. दगडांच्या ढिगाऱ्यांत, कपारीत मोठ्या वसाहतीने घरटी करते आणि पिल्लांना वाढवते मुख्यतः टोळ-नाकतोड्यांवर. तो हंगाम फार छोटा असतो. वीण उरकली की थवे लगेच दक्षिणेकडे निघतात. म्हणून आपल्याकडे हिवाळी पाहुण्यांत ही सगळ्यांत लवकर येणाऱ्यांपैकी एक. जुलै संपता संपता, ऑगस्टात पहिले थवे दिसायला लागतात आणि एप्रिलमध्ये पाखरं परततात. थोडक्यात, वर्षातला मोठा काळ ती आपल्याकडेच असते आणि पिसं बदलण्याचं बरंचसं काम इथेच करते. इतक्या रूपांचं मूळ कारण हे.

पूर्ण वाढलेल्या भोरडीचं विणीच्या हंगामातलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं: पाठ आणि पोट स्वच्छ गुलाबी, बाकी डोकं, गळा, छाती, पंख, शेपूट चमकदार काळं, आणि मानेवर रुळणारी लांब शेंडी. तशी भोरडी जानेवारीत शोधली तर निराशाच होईल. विणीनंतर नवी पिसं येतात तेव्हा त्यांच्या टोकांना फिकट तपकिरी किनार असते. ही किनार गुलाबी रंगावर आणि काळ्या चमकेवर पडदा टाकते. त्यामुळे हिवाळ्यातली मोठी भोरडी मळकट गुलाबी दिसते, जणू धुरळ्यात लोळून आली आहे. डोक्याचा काळाही उठून दिसत नाही, त्यावर राखाडी-तपकिरी खवले असतात. पुढे वापरून वापरून ही टोकं झिजतात आणि आतला रंग उघडा पडतो. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये भोरडी गुलाबी होते ती नवी पिसं येऊन होत नाही, जुनीच झिजून होते. आपल्या घरच्या चिमण्याच्या गळ्यावरचा काळा डाग हिवाळ्यात फिका असतो आणि उन्हाळ्याकडे ठसठशीत होतो, तोही असाच. हे एकदा लक्षात आलं की एकाच थव्यात एक पाखरू जास्त गुलाबी आणि शेजारचं कमी गुलाबी का, याचं कोडं उरत नाही. कुणाची पिसं आधी बदलली, कुणाची नंतर. शिवाय मादी नरापेक्षा थोडी फिकट आणि तिची शेंडी आखूड. पण हिवाळ्यात थव्यातल्या प्रत्येक पाखराचा नर-मादी निवाडा करायला जाऊ नका. बऱ्याचदा तो होत नाही.

दुसरा पोशाख पिल्लांचा. त्याच वर्षी जन्मलेली भोरडी संपूर्ण वाळूच्या रंगाची असते. गुलाबी नाही, काळं नाही, शेंडीही नाही. पंख आणि शेपूट अंगापेक्षा गडद, कंबर अंगापेक्षा फिकी. आणि चोच पिवळी, वरच्या कडेला आणि टोकाकडे थोडी मळकी. तुम्हाला पिवळ्या चोचीची मातकट पाखरं दिसली ती हीच. बाहेरच्या पुस्तकांत पाहिलंत तर युरोपातल्या साध्या स्टार्लिंगची (मैनांचीच नातलग, इंग्रजीत कॉमन स्टार्लिंग) पिल्लंही तपकिरीच दाखवलेली असतात आणि मग शंका येते. पण त्या पिल्लांची चोच काळपट असते, आणि हिवाळा सुरू होईपर्यंत ती तो पोशाख टाकून ठिपक्यांचा पोशाख चढवतात. भोरडीची पिल्लं मात्र पिसं बदलायला उशीर करतात. नोव्हेंबर-डिसेंबरातही काही पिल्लं जुन्याच मातकट पोशाखात फिरत असतात. म्हणून महाराष्ट्रात हिवाळ्यात साधं, बिनठिपक्याचं, वाळूच्या रंगाचं, पिवळ्या चोचीचं आणि पंखात पांढरं नसलेलं पाखरू दिसलं तर मी ते निर्धास्तपणे भोरडीचं पिल्लू म्हणून लिहितो.

तिसरा पोशाख सगळ्यांत फसवा, कारण तो पुस्तकात सहसा नीट दाखवलेला नसतो. पिल्लू मोठ्यांचा पोशाख चढवत असतं तेव्हाची ही अवस्था. डोकं काळपट-तपकिरी झालेलं, गळ्यावर काळे-मातकट ठिगळ, अंग ना धड वाळूचं ना धड गुलाबी, शेंडी नुकती फुटलेली. पिसं बदलण्याच्या मधल्या टप्प्यात तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं विस्कटलेलं पाखरू दिसतं. जानेवारीच्या थव्यात अशी पाखरं भरपूर असतात. ॲप हमखास अडखळतं ते इथेच. अशा पाखराचा रंग सोडून द्या आणि बांधा पाहा: आखूड, जाडसर, वरून किंचित वाकलेली चोच, गोल डोकं, भक्कम गुलाबीसर पाय आणि मध्यम लांबीची सपाट शेपूट. अंगाचा रंग महिन्यागणिक बदलतो, हा बांधा बदलत नाही.

इतकं पक्कं झालं की पुढचा प्रश्न शेंडीवाल्याचा. इथे गल्लत होते ती भांगपाडी मैनेशी. तीही त्याच आकाराची, तिलाही मागे रुळणारी काळी शेंडी, अंग पिवळट-गुलाबीसर, आणि ती भोरड्यांच्या थव्यात बिनदिक्कत घुसते. दुरून दोघी जुळ्या वाटतात. मी एकच गोष्ट पाहतो: गळा. भांगपाडीचं काळं हे टोपीपुरतं असतं, ते डोळ्याच्या वर संपतं. गाल, गळा, छाती सगळं पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचं. भोरडीचं काळं मात्र डोक्यावरून खाली गळ्यावर आणि छातीवर उतरतं. हिवाळ्यात ते कितीही मळकट झालं तरी गळा अंगापेक्षा गडदच राहतो. पाखरू समोरून दिसत नसेल तर शेपटीखाली पाहा. मोठ्या भोरडीचं शेपटीखालचं अंग काळपट असतं, भांगपाडीचं पांढरट. दुर्बिणीत जवळून मिळाली तर भांगपाडीची चोच पिवळी आणि बुडाशी निळी, पाय पिवळे, डोळा फिकट. पाठ राखाडी. भोरडीची पाठ राखाडी कधीच नसते, ती गुलाबी किंवा मातकट. स्वभावही वेगळा. भांगपाडी जोडीने किंवा चार-सहाच्या टोळीने वावरते, थवा उठला तरी ती बऱ्याचदा मागे राहते किंवा बाजूच्या बाभळीवर जाऊन बसते.

आता पंखात चमकलेलं पांढरं. थवा उठला की रंग पाहायला वेळ नसतो, म्हणून उडताना मी दोनच जागा पाहतो, पंख आणि शेपूट. साळुंकीच्या पंखात मोठं पांढरं ठिगळ असतं आणि शेपटीच्या टोकालाही पांढरं. जंगली मैनेचंही तसंच, पण ठिगळ लहान. बँक मैनेच्या पंखातलं ठिगळ आणि शेपटीचं टोक पांढरं नसून पिवळट-बदामी. भोरडीच्या पंखात काहीच नाही आणि शेपूट सगळी गडद. भांगपाडीच्या पंखातही काही नाही, पण शेपूट फाकली की कडेच्या पिसांची टोकं पांढरी दिसतात. एवढ्या पाच ओळी पाठ केल्यात तर उठत्या थव्यातूनही निम्मं काम होतं. तुमच्या थव्यात मधूनच पांढरं चमकलं, म्हणजे त्यात साळुंक्या मिसळल्या होत्या. त्या तशा असतातच. शेत त्यांचं रोजचं, पाहुण्या भोरड्या.

उडण्याची ढबही सांगते. भोरडीचे पंख टोकदार, उडताना ती त्रिकोणी दिसते, झपाट्याने आणि सरळ जाते, आणि थवा इतका दाट असतो की वळताना सगळा एकदम वळतो. साळुंकीचे पंख गोलसर, उडणं सावकाश, आणि थव्यात ती कडेला किंवा मागे पडते. कडेला रेंगाळणारी पाखरं म्हणून नीट पाहावीत. वेगळं काही असेल तर बहुधा तिथेच असतं. जमिनीवर भोरड्यांची आणखी एक खूण आहे. थवा चरत पुढे सरकतो तेव्हा मागच्या रांगेतली पाखरं उठून पुढच्यांच्या डोक्यावरून जाऊन पुढे उतरतात, मग त्यांच्या मागची. सगळा थवा शेतावरून लाटेसारखा लोळत जातो. नुसत्या साळुंक्यांचा घोळका असा चरत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पांढरं ठिगळ असेल तर साळुंकीच्या कुळातली, ठिगळ नाही आणि गळा फिका तर भांगपाडी, ठिगळ नाही आणि गळा गडद तर मोठी भोरडी, ठिगळ नाही आणि सगळंच वाळूच्या रंगाचं तर भोरडीचं पिल्लू. ज्वारीच्या पट्ट्यातल्या थव्याचा फार मोठा भाग यात बसतो.

उरलेल्या थोड्यांबद्दल. त्यातली पहिली म्हणजे कॉमन स्टार्लिंग, युरोपात आणि अमेरिकेत सगळीकडे दिसते ती. आपल्या देशात ती हिवाळ्यात येते ती मुख्यतः उत्तर आणि वायव्य भागात. महाराष्ट्रात फार थोड्या पोहोचतात आणि पोहोचल्या तर पुष्कळदा भोरड्यांच्या थव्यातूनच. हिवाळ्यात ती काळी आणि अंगभर पांढरट-बदामी ठिपके, चोच गडद. हे ठिपकेही पिसांच्या टोकांवरचेच, तेही झिजतात. चोच भोरडीपेक्षा लांब, सरळ आणि टोकदार, शेपूट आखूड. शेंडीचा मागमूस नाही. ही सापडली तर नोंद महत्त्वाची, म्हणून फोटो हवाच. विस्कटलेल्या भोरडीवर उन्हाची तिरीप पडली की ठिपक्यांचा भास होतो, आणि बऱ्याच नोंदी अशा भासावर झालेल्या असतात.

दुसरी चेस्टनट-टेल्ड स्टार्लिंग, राखाडी डोक्याची मैना. ही ईशान्येकडून आणि हिमालयाच्या पायथ्याकडून हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरते. ज्वारीत ती शोधू नका. फुललेला पळस, पांगारा, काटेसावर किंवा फळांनी लगडलेला वड-पिंपळ ही तिची जागा. डोकं राखाडी आणि त्यावर पांढरट रेषा, पोट तांबूस, शेपटीच्या कडा तांबूस. दक्षिण कोकणात आणि गोव्यात हिचीच जवळची नातलग मलबार स्टार्लिंग बारमाही राहते, तिचं डोकं पांढरं. बाकी पाइड स्टार्लिंग, काळी-पांढरी, चोचीचं बूड नारिंगी, उडताना कंबर पांढरी. ती विदर्भात आणि आता मुंबई-पुण्याकडेही दिसते, पण ओळखायला सोपी आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. बँक मैनेचा उल्लेख वर आला. डोळ्याभोवतीची कातडी विटकरी लाल असली की तीच. साळुंकीची ती पिवळी असते आणि जंगली मैनेला ती नसतेच, त्याऐवजी कपाळावर पिसांचा छोटा झुपका. आपल्याकडच्या जंगली मैनेचा डोळा निळसर-राखाडी असतो, उत्तरेकडच्या पक्ष्यांचा पिवळा. त्यामुळे उत्तर भारतातले फोटो पाहून इथली जंगली मैना ताडू नका.

बघायचं कसं, यावर मी जास्त भर देतो, कारण ओळखीतल्या बऱ्याच अडचणी पुस्तकाने सुटत नाहीत, जागा बदलल्याने सुटतात. थव्याच्या मागे शेतभर चालत जाणं ही सगळ्यांत वाईट पद्धत. थवा तुमच्यापुढे उठत राहतो, तुम्हाला पाठी आणि शेपट्याच दिसतात. थवे परत परत जिथे येतात ती जागा शोधा आणि तिथे बसा: विजेच्या तारा, बांधावरची बाभूळ, पाण्याचा पाट, फळलेला पिंपळ. तारेवर पाखरं एका रांगेत बसतात, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक करून तपासता येतात, आणि थवा शेतात उतरला की दहा-पंधरा मिनिटांत काही पाखरं तारेवर येतातच. शेतात ताटांच्या आड जे दिसत नाही ते तारेवर उघडं असतं, विशेषतः गळा आणि शेपटीखालचा भाग, कारण तुम्ही खालून पाहत असता.

सूर्य पाठीशी हवा. समोरच्या उन्हात मळकट गुलाबी पाखरू सरळ काळं दिसतं, आणि मग कॉमन स्टार्लिंगच्या आशा पालवतात. सकाळी पूर्वेला पाठ करून, संध्याकाळी पश्चिमेला पाठ करून बसा. भर दुपारी ज्वारीवर हवा थरथरते, तेव्हा दूरच्या पाखराचा निवाडा करू नका. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते. एवढ्या हलत्या थव्याला जास्त मोठं करणारी दुर्बीण उलट त्रास देते, पाखरू नजरेतून निसटतं. आणि फुलांवरची पाखरं पाहताना एक काळजी घ्या. काटेसावर, पांगारा, पळसावर चोच घालून घालून पाखरांच्या कपाळाला पराग माखतात, कपाळ पिवळं-नारिंगी दिसायला लागतं. ती कुठल्या जातीची खूण नव्हे.

आवाजावर मी भोरडी ओळखतो ती थव्याच्या एकूण कलकलाटावरून, एकेकट्या आवाजावरून नाही. थवा झाडात बसला की अखंड, खरखरीत, चढ-उतार नसलेली बडबड ऐकू येते. साळुंकीचे सूर सुटे सुटे, ओळखीचे, मध्ये शीळ. त्या बडबडीतून एखादा सुटा सूर आला तर दुर्बीण तिकडे वळवायची, एवढाच उपयोग.

संध्याकाळचा रातथारा हा वेगळा प्रकार. उजनीच्या फुगवट्याच्या काठची पाणवनस्पतींची बेटं, उसाचे फड, काटेरी बाभळींची झाडी इथे भोरड्या हजारोंनी उतरतात, आणि उतरण्याआधी आकाशात जे वळणं-आकुंचणं-पसरणं चालतं ते पाहायला लोक भिगवणला, सोलापूरला मुद्दाम जातात. जरूर पाहा. पण ओळख शिकायला ती वेळ उपयोगाची नाही. उजेड गेलेला असतो, पाखरं ठिपके झालेली असतात. तिथे मोजणी होते, ती अशी: दहा पाखरं नजरेत धरा, त्यांनी व्यापलेली जागा लक्षात ठेवा, तेवढ्या दहा जागा म्हणजे शंभर, आणि शंभराचा तो तुकडा थव्यावर टाकत जा. शिक्रा किंवा बहिरी ससाणा आला की थवा घट्ट गोळा होतो, तेव्हाचा अंदाज नेहमी कमी येतो. थवा सैल होईपर्यंत थांबा.

नोंद करताना सगळी पाखरं एका नावाखाली ढकलू नका. समजा थव्यात पाचेकशे पाखरं आहेत आणि तुम्ही तारेवरची साठ नीट तपासलीत. त्यातल्या चौपन्न भोरड्या, चार साळुंक्या, दोन भांगपाड्या, तर वहीत तसंच लिहा: एवढ्या तपासल्या, त्यात इतक्या. उरलेल्या थव्याचा अंदाज वेगळा. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, ‘स्टार्लिंग, जात अनिश्चित’ अशा नोंदीची सोय आहे, ती वापरायला संकोच करू नका. भोरड्यांत पिल्लं किती आणि मोठी किती हेही जमलं तर लिहा. वीण किती चांगली झाली याचा थोडा अंदाज त्यावरून येतो, आणि ते लिहिणारी माणसं फार कमी आहेत. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण पिल्लू आणि मोठं यांतला फरक नोव्हेंबरपर्यंत कुणालाही करता येतो.

ॲपबद्दल तुम्ही रागाने लिहिलंय. ॲप वाईट नाही, पण ते एका फोटोतल्या एका पाखराचा रंग पाहतं. तुम्हाला महिना, पीक, शेजारी कोण, ते उडालं कसं हे सगळं ठाऊक असतं. फोटो काढताना बसलेल्या पाखराचा एक आणि थवा उठताना सलग दहा-बारा, असे काढा. उडत्या फोटोंत पंख उघडे मिळतात आणि घरी बसून ठिगळं मोजता येतात.

शेताबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. दाणा चिकात असताना, हुरड्याच्या दिवसांत, भोरड्यांचा थवा एका शेतावर बसला तर शेतकऱ्याचं खरोखर नुकसान होतं. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत दिवस दिवस पाखरं हाकणारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका, आणि फोटोसाठी त्यांच्या शेतात थवा बसू देण्याची अपेक्षा तर मुळीच ठेवू नका. याच भोरड्या हरभऱ्यातल्या घाटेअळ्या, नाकतोडे, टोळही मोठ्या प्रमाणात खातात. चीनमधल्या शिनजियांगमध्ये टोळांना आवर घालायला त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी बांधली जातात. हे शेतकऱ्यांशी बोलताना सांगावं, पण ज्याचं कणीस रिकामं झालंय त्याच्यापुढे ते शहाणपण म्हणून मांडू नये. राखणदाराशी बोललात तर थवा कुठून येतो, किती वाजता येतो, कुठल्या तारेवर बसतो हे तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं कळेल.

आता तुमचे फोटो. पहिल्यात कणसावर बसलेलं मातकट पाखरू, चोच पिवळी, पंख अंगापेक्षा गडद: भोरडीचं पिल्लू, शंका नाही. दुसऱ्यातलं शेंडीवालं पाखरू भोरडी नाही. गळा पाहा, जर्दाळूसारखा स्वच्छ आहे, काळं डोळ्यावरच थांबलंय. ती भांगपाडी. उडत्या थव्याच्या फोटोत उजवीकडे खाली दोन पाखरांच्या पंखात मोठं पांढरं ठिगळ आहे आणि शेपटीचं टोकही पांढरं, त्या साळुंक्या. बाकी दिसतात त्या सगळ्या भोरड्या.

तारेवरच्या चौथ्या फोटोतलं काळं पाखरू, ज्याला ॲपने कॉमन स्टार्लिंग म्हटलंय, त्याला मी नाव देणार नाही. ऊन समोरून आहे, ठिपके आहेत की उजेडाचा खेळ हे कळत नाही, आणि डोकं वळलेलं असल्यामुळे चोचीची लांबी दिसत नाही. चोच दिसली असती तर एवढ्यावरही निवाडा झाला असता. तुमच्याकडे त्याच तारेचे आगेमागे काढलेले आणखी फोटो असतील, अगदी धूसर असले तरी, तर पाठवा. नसतील तर याच आठवड्यात सकाळी तारेच्या पूर्वेला उभं राहून पुन्हा पाहा. शेतात ज्वारी उभी आहे तोवर थवा तिथे येत राहील, आणि ते पाखरू त्यात असेल तर आधी त्याची चोच आणि शेपटीची लांबी पाहा, ठिपके नंतर.